नऊनंतरची बस

सकाळचे नऊ वाजले की लंडनच्या बसमधली माणसे बदलतात. नोकरदार आणि शाळकरी मुले उतरलेली असतात, आणि पिशव्या सांभाळत आजी-आजोबा चढू लागतात. त्यांच्याकडे असतो ‘फ्रीडम पास’. १९७३ साली सुरू झालेल्या या सवलतीमुळे इथल्या ज्येष्ठ रहिवाशांना बस आणि ट्यूब फुकट. फक्त कामाच्या दिवशी नऊ वाजेपर्यंत थांबायचे. वेळेआधीच येऊन ‘टू अर्ली?’ विचारणाऱ्या ज्येष्ठांना या देशातले बस ड्रायव्हर गमतीने ‘ट्वर्ली’ म्हणतात.

आमच्या शेजारच्या काकू अशाच एक ‘ट्वर्ली’. वय सत्तरीच्या पुढे. आठवड्यातून दोनदा त्या ८३ नंबरच्या बसने वेम्ब्लीच्या ईलिंग रोडला जातात. यादी एवढीशी: तोंडली, कोथिंबीर, रक्तदाबाच्या गोळ्या. त्यासाठी घराबाहेर चार तास!

एकदा सोबत गेले तेव्हा हिशेब कळला. भाजीवाल्याशी गुजरातीमिश्रित मराठीत घासाघीस, त्यातच त्याच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी. साठीनंतर इंग्लंडमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे मोफत मिळतात, त्यामुळे फार्मसीत पैशांचे काम नाही. पण दहा मिनिटे गुडघ्यावर बोलणे होते. मग वाचनालयात जरा टेकायचे. शेवटी मैत्रिणीबरोबर चहा आणि मोगो, म्हणजे तळलेला कसावा. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती कुटुंबांनी तो इथे रुजवला. ही मैत्रीणही १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेल्यांपैकी. दोघींच्या गप्पांत कंपाला आणि कोल्हापूर शेजारी-शेजारी नांदतात.

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या मुलाने, बर्फावरून पाय घसरेल या काळजीने, सगळे सामान ऑनलाइन मागवायला सुरुवात केली. औषधेही घरपोच. तीन आठवड्यांत काकूंचा आवाज बारीक झाला. दुपारभर टीव्ही आणि जेवणात लक्ष नाही. मी विचारले तर म्हणाल्या, “अगं, दुधी घरी आला, पण दुधीवाला कुठे आला?”

मुलगा समंजस. आता आटा, तांदूळ, तेल अशी जड ओझी ऑनलाइन येतात. भाजी आणि औषधे काकूंकडे. बर्फ असेल त्या दिवशी सुट्टी.

आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात. त्यांना हा पास मिळत नाही, पण एका भाड्यात तासाभरात कितीही बस बदलता येतात. आपण कामावर गेल्यावर त्यांनी खिडकीशी बसून आपली वाट पाहावी, याहून हे बरे. मी शिक्षिका होते, म्हणून रीत सांगते. पहिल्या दिवशी शेजारी बसून रस्ता दाखवा. दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर बसा आणि गप्प राहा. तिसऱ्या दिवशी फोन चार्ज करून द्या, घरचा पत्ता चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा आणि कोथिंबीर आणायला पाठवा. जुडी जरा महाग मिळाली तरी बोलू नका.