साडेएकोणीस अंशांवरचा ध्रुव

अकोले तालुक्यातल्या रतनवाडीत ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९.५ अंशांवर दिसतो. हात पूर्ण ताणून एक मूठ क्षितिजावर टेकवायची, तिच्यावर दुसरी ठेवायची. वरच्या मुठीच्या कडेला ध्रुव सापडतो. ज्या गावाचा जेवढा अक्षांश, तेवढीच तिथे ध्रुवाची उंची. श्रीनगरला तो ३४ अंशांवर चढतो, कन्याकुमारीला ८ अंशांवर उतरतो. ताऱ्यांच्या रेषांचे फोटो काढायला निघणाऱ्याने कॅमेऱ्याच्या किमतीआधी हा आकडा लक्षात ठेवावा, असं माझं मत आहे. फोटोची सगळी मांडणी त्यावर ठरते.

कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवून काही तास आकाशाकडे रोखून ठेवला, की प्रत्येक तारा आपली वाट आखत जातो. फिरत असते ती पृथ्वी, तासाला १५ अंश. तीन तासांत प्रत्येक ताऱ्याचा ४५ अंशांचा कंस मिळतो. ध्रुवाजवळच्याचा इवलासा, दूरच्याचा लांबलचक, पण अंश सगळ्यांचे तेवढेच. म्हणजे फोटोत उमटते ती आपल्या पायाखालच्या जमिनीची चाल. डॉन पेटिट या अंतराळवीराने २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून असे फोटो काढले. त्यांत तारे ध्रुवाभोवती फिरलेले नाहीत, स्थानकाच्या कक्षेच्या अक्षाभोवती फिरलेले आहेत, आणि खालच्या शहरांचे दिवेसुद्धा रेषा होऊन ओढले गेलेत. उभं राहण्याची जागा बदलली की आकाशाचं चित्रच बदलतं.

युरोपात काढलेले फोटो पाहून आपल्याकडचे पुष्कळ जण या नादाला लागतात. मीही तशीच लागले. तिथे ध्रुव ५० अंशांवर असतो, त्यामुळे किल्ल्याच्या बुरुजावर, वर उंच, मोठमोठी वर्तुळं दिसतात. अकोले तालुक्यात तसं होणार नाही. ध्रुवापासून १९.५ अंशांच्या आतले तारेच इथे कधी मावळत नाहीत, म्हणजे मुख्यतः ध्रुवमत्स्यातले. भंडारदरा धरणाच्या पाण्याच्या दक्षिण काठावरून उत्तरेला पाहिलं तर मध्ये कळसूबाईची रांग उभी असते, त्यामुळे तेही तळाशी आल्यावर थोडा वेळ डोंगराआड जातात. सप्तर्षी आणि शर्मिष्ठा तर सरळ मावळतात आणि पुन्हा उगवतात. तेव्हा इथल्या फोटोत वर्तुळं थोडी, खाली, डोंगराला बिलगलेली. आणि त्यांच्या वर अख्खं आकाश कमानींनी भरलेलं. मला हे चित्र जास्त आवडतं. ध्रुव इतका खाली असल्यामुळे १४ मिलिमीटरच्या लेन्समध्ये पाणी, कळसूबाई, ध्रुव आणि डोक्यावरच्या कमानी हे सगळं एका आडव्या फ्रेममध्ये मावतं. जिथे ध्रुव ५० अंशांवर आहे, तिथे त्याच्या वरच्या कमानींना एवढी जागाच उरत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये एकच फोटो ध्रुवाभोवती थोडा थोडा फिरवत नेऊन पूर्ण वर्तुळं करता येतात. अशी चित्रं बरीच फिरतात, आणि ती ओळखूही येतात. खरा तारा क्षितिजाकडे उतरताना जाडसर हवेतून पाहिला जातो, म्हणून त्याची रेषा खाली येता येता मंद होते, किंचित तांबूस होते. फिरवलेल्या फोटोत रेषा डोंगराच्या कडेपर्यंत तेवढीच झळझळीत राहते. खऱ्या रेषेत त्या रात्रीची हवा असते. कुठे विरळ ढग गेला तिथे ती तुटते, धुरकटपणा वाढला तिथे बारीक होते. ते सगळं पुसून टाकायचं, तर रात्रभर जागायचं कशाला?

उत्तरेइतकंच मला पूर्वेचं आकाश प्रिय आहे. आपल्या अक्षांशावर तारे पूर्वेला जवळजवळ उभे वर येतात. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे विषुववृत्ताच्या अगदी लगत असल्यामुळे त्यांच्या रेषा सरळसोट चढतात. त्यांच्या डावीकडच्या रेषा ध्रुवाकडे वळतात, उजवीकडच्या उलट, क्षितिजाखालच्या दक्षिण ध्रुवाकडे. एकाच फोटोत दोन्ही ध्रुवांची ओढ दिसते. मृगातल्याच काक्षीची रेषा नारिंगी उमटते, राजन्याची निळसर पांढरी. हे रंग डोळ्यांना अंधारात नीट कळत नाहीत, सेन्सरला कळतात. मात्र त्यासाठी एक्स्पोजर आवरतं ठेवावं लागतं. जास्त उजेड घेतला की सगळे तारे पांढरेफटक.

रात्र निवडायला मी तिथी पाहते. पावसाळ्याचे चार महिने बाद. खरा हंगाम कार्तिकापासून माघापर्यंत. अमावास्या सगळेच धरतात. पण डोंगर आणि पाणी काळंभोर नको असेल, तर शुद्ध चतुर्थी-पंचमीची रात्र चांगली. एका तिथीमागे चंद्र साधारण पाऊण तास उशिरा मावळतो, म्हणजे पंचमीचा चंद्र सूर्यास्तानंतर जवळपास चार तास असतो. तेवढ्या वेळात त्याच्या मऊ उजेडात समोरच्या डोंगराचा एक फोटो काढून ठेवायचा आणि चंद्र गेला की त्याच जागेवरून, ट्रायपॉडला बोटही न लावता, ताऱ्यांच्या फ्रेम सुरू करायच्या.

काठावरची जागा दिवसा ठरवावी. पाणी ओसरलेल्या पट्ट्यातली माती वरून वाळलेली दिसते आणि आत ओली असते. ट्रायपॉडचा एक पाय तासाभरात केसभर खचला तरी सगळ्या रेषांना एकाच जागी कुबड येतं. मी तिन्ही पायांखाली चपटे दगड दाबून बसवते आणि मधल्या हुकाला दगडांची पिशवी अशी टांगते, की तिचं बूड जमिनीला टेकेल. लोंबकळती पिशवी वाऱ्याने झुलते आणि कॅमेरा हलवते. लेन्सचं कंपनरोधक बटण बंद करायचं. ट्रायपॉडवर ते स्वतःच कंप निर्माण करू शकतं.

फोकसचं काम सगळ्यात नाजूक. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो, म्हणून तो बंद. हिवाळ्यात संध्याकाळी ईशान्येला ब्रह्महृदय ठळक असतो. मागच्या पडद्यावर तो दहा पट मोठा करायचा आणि फोकसची रिंग इतकी हळू फिरवायची, की बोट फिरतंय की नुसतं टेकलंय हे आपल्यालाही कळू नये. तारा आधी फुगलेल्या गोळ्यासारखा असतो, मग आकसत जातो, आकसत जातो, एका क्षणी टाचणीच्या टोकाएवढा होतो आणि त्याच्या आसपासचे अगदी बारके तारे पडद्यावर उमटतात. ते बारके तारे दिसले की थांबायचं. तारा पुन्हा फुगू लागला, तर गेलो पुढे. मग रिंगवर चिकटपट्टी, आणि ती लावताना रिंग सरकली नाही ना हे पाहण्यासाठी पुन्हा एकदा तोच तारा.

आकडे सांगायचे तर छिद्र एफ २.८, आयएसओ १६००, एक्स्पोजर ३० सेकंद, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनवर पक्का. ३० सेकंदांत तारा साडेसात कलांनी सरकतो. १४ मिलिमीटरच्या लेन्सवर ते सेन्सरवरचे फक्त चार-पाच ठिपके. असे छोटे तुकडे एकापुढे एक जोडत रेषा बनते. फिल्मच्या काळात शटर तासन्‌तास उघडंच ठेवत. ऑस्ट्रेलियातल्या वेधशाळेच्या घुमटावर डेव्हिड मॅलिन यांनी टिपलेल्या रेषा त्या काळातल्या. डिजिटल सेन्सर मात्र तापतो, त्यावर लाल-निळे ठिपके उगवतात, आणि दूरच्या शहराचा उजेड साचत साचत आकाश पांढरं करून टाकतो. शिवाय एखाद्या गाडीचा दिवा लेन्सवर पडला तर अख्खी रात्र वाया. तुकड्यांत काढलं तर फक्त ती एक फ्रेम बाजूला ठेवायची.

दोन फ्रेममध्ये सेकंदाचं अंतर चालतं. तेवढ्यात तारा ठिपक्याचा पाचवा हिस्सासुद्धा ओलांडत नाही. म्हणूनच कॅमेऱ्यातली लाँग एक्स्पोजरची नॉइज-रिडक्शन सोय बंद हवी. ती चालू असेल तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर मिटून दुसरा काळा फोटो घेत बसतो आणि रेषेऐवजी तुटक टाके मिळतात.

एवढं झाल्यावर शत्रू उरतो तो दव. निरभ्र रात्री लेन्सची पुढची काच आपली उष्णता सरळ आकाशात सोडते आणि आसपासच्या हवेपेक्षा गार होते. धरणाच्या काठावर हवेत ओल भरपूर. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाझर फुटतो, तसं काचेवर पाणी धरू लागतं. घात असा, की पडद्यावर ते लगेच कळत नाही. आधी बारीक तारे नाहीसे होतात, मग ठळक ताऱ्यांभोवती प्रभा येते, मग सगळंच धूसर. काच पुसणं हा उपाय नव्हे. पुसताना कॅमेरा हलतो आणि काच गारच राहते, म्हणून दव पुन्हा धरतं. लेन्सच्या गळ्याभोवती यूएसबीवर चालणारी तापपट्टी बांधायची आणि ती काळोख पडतानाच सुरू करायची. काच हवेपेक्षा दोन-तीन अंश ऊबदार राहिली की पुरतं. मोठ्या पॉवर बँकेवर रात्र निघते. पट्टी नसेल तर लोकरी मोज्यात हात शेकायच्या गरम पुड्या घालून गुंडाळतात. चार-पाच तास तेही काम देतं.

मग करण्यासारखं काही उरत नाही. कॅमेऱ्याजवळ फिरायचं नाही, विजेरी लावायची नाही, लावलीच तर लाल आणि जमिनीकडे. ज्यांच्या घरी मी उतरते त्या मावशींचे सासरे कधीमधी घोंगडी घेऊन माझ्याजवळ येऊन बसतात. त्यांना सप्तर्षी म्हणजे बाज आणि तिच्यामागचे तीन चोर. डिसेंबरात रात्री दहानंतर ती बाज रांगेमागून उभी वर येते, आधी क्रतु. मरीची दिसेपर्यंत मध्यरात्र उलटते. "ताई, बाज निघाली, आता थंडी वाढंल," ते सांगतात, आणि थंडी वाढते. भाताच्या राखणीला रात्र रात्र माचाणावर काढलेल्या माणसाला वेळेसाठी घड्याळ लागत नाही. ते आकाशाकडे बघून सांगतात आणि मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फ्रेमचा आकडा बघते. दोघांचा हिशेब फारसा चुकत नाही.

तीन तासांच्या साडेतीनशेच्या आसपास फ्रेम होतात. शेवटी झाकण लावून, त्याच सेटिंगवर, काही काळ्या फ्रेम घ्यायच्या. सेन्सरचे तापलेले ठिपके त्यांत जसेच्या तसे येतात आणि नंतर वजा करता येतात. घरी आल्यावर स्टारस्टॅक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फ्रेम एकावर एक रचायच्या. रचण्याची रीत साधी आहे: प्रत्येक ठिपक्याच्या जागी सगळ्या फ्रेममधला जो सर्वांत उजळ, तोच ठेवायचा. आकाशाचा फिकट उजेड प्रत्येक फ्रेममध्ये तेवढाच असतो, म्हणून तो वाढत नाही. तारा मात्र दरवेळी नव्या जागी असतो, म्हणून रेषा वाढत जाते. चित्र शंभर टक्क्यांवर मोठं करून ध्रुवापाशी गेलं, तर तोही स्थिर नसतो. खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो सुमारे दोन तृतीयांश अंश बाजूला आहे, आणि तीन तासांत स्वल्पविरामाएवढी रेघ ओढून मोकळा होतो. मधली जागा रिकामी.

विमानांच्या तुटक रेघा मी एकेका फ्रेममध्ये काळ्या ब्रशने झाकते. मुंबईची हवाई वाट जवळ असल्यामुळे हे काम दोन-दोन दिवस चालतं. उपग्रहांच्या रेषा २०१९ मध्ये स्टारलिंक सुरू झाल्यापासून वाढल्या आहेत. त्या संध्याकाळी आणि पहाटे जास्त, मध्यरात्री खालचे उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असल्यामुळे कमी.

विमानं झाकता येतात, उजेड झाकता येत नाही. कळसूबाईच्या मागे उत्तरेला इगतपुरी, घोटी आणि नाशिकचा पिवळट पट्टा असतो, नैर्ऋत्येला मुंबई-ठाण्याचा. नेमका ध्रुवाखालचाच भाग त्यात बुडतो, जिथे आपली छोटी वर्तुळं असतात. ध्रुव वर असलेल्या मुलखात हे नुकसान एवढं होत नाही. आपल्याकडे क्षितिजावरचा प्रत्येक अनावश्यक दिवा ध्रुवावरच येतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा वाघोली, सिल्लारी अशा गावांत रस्त्यावरचे दिवे बदलून खाली उजेड टाकणारे दिवे बसवले गेले. गाव अंधारात बुडालं नाही, उजेड फक्त जमिनीवर आला. भंडारदऱ्याच्या काठावर तंबूंची संख्या वाढते आहे, आणि तिथे येणारे लोक तारे बघायलाच येतात. तरी झाडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा पहाटेपर्यंत जळतात. मावशींच्या मुलाचेही तंबू आहेत. माझे फोटो मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर त्याने रात्री अकराला माळा बंद करायला सुरुवात केली, शेजारच्या दोघांनाही पटवलं. त्यामुळे त्या काठावरून मी आता पहिली फ्रेम अकरानंतर घेते. डिसेंबरात तोवर शर्मिष्ठा वायव्येला कलंडलेली असते, तिचा फक्त उतरता अर्धा कंस हाती लागतो. सप्तर्षी मात्र उगवल्यापासून जवळपास पुरे मिळतात.