अमेरिकेत बोटींचे एवढे कारखाने, तरी गिऱ्हाईक युरोपच्या बोटीमागे का?

हौसेच्या बोटींचा जगातला सर्वात मोठा बाजार अमेरिकेत आहे. तळ्यात गळ टाकायची ॲल्युमिनियमची होडी असो की पाण्यावर सुसाट पळणारी स्पीडबोट, तिथे खपणारा बहुतेक माल तिथेच तयार होतो. पण बोट जरा मोठी झाली, तिच्यात झोपायच्या खोल्या, स्वयंपाकाचा ओटा आणि वर शीड आलं, की चित्र पालटतं. फ्लोरिडा किंवा मेरीलँडच्या बंदरात उभ्या असलेल्या 40 फुटी बोटींवर बेनेतो, जानो, बव्हेरिया, हान्से अशी नावं दिसतात. पहिल्या दोन फ्रान्सच्या, पुढच्या दोन जर्मनीच्या. जुळ्या सांगाड्याची बोट, म्हणजे कॅटामरान घ्यायची तर लगून किंवा फोंतेन पाजो ही नावं आधी पुढे येतात. त्याही फ्रान्सच्याच.

ही खरेदी काही लहानसहान नसते. आपल्याकडे घरासाठी काढतात तसं तिथे बोटीसाठी 15-20 वर्षांचं कर्ज काढलं जातं. काही जोडपी निवृत्तीनंतर घर विकून बोटीवरच राहायला जातात. बोट फसवी निघाली तर आयुष्याची कमाई पाण्यात, अगदी शब्दशः. मग घरचा माल सोडून परक्याचा का?

तारलीच्या गावातून सुरुवात

उत्तर शोधायला फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर जावं लागतं. वांदे जिल्ह्यात क्रुआ-द-व्ही नावाचं मासेमारीचं बंदर आहे. तिथे 1884 मध्ये बेंजामिन बेनेतो यांनी मच्छीमारांसाठी शिडाच्या होड्या बांधायला सुरुवात केली. तारली आणि टूना पकडणाऱ्यांचं हे गाव. दोन पिढ्या हा धंदा चालला. पुढे मासेमारीचे दिवस फिरले आणि नव्या होड्यांची मागणी आटली. 1964 मध्ये बेंजामिन यांची नात ॲनेट हिने कारभार हातात घेतला, तेव्हा ती अवघी 22 वर्षांची होती. तिने धंद्याचं तोंडच फिरवलं: लाकडाऐवजी फायबर आणि मच्छीमाराऐवजी सुट्टी घालवणारं कुटुंब.

गावातल्या कारागिरांचे हात तेच राहिले, गिऱ्हाईक तेवढं बदललं. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण मासेमारीची होडी बांधणाऱ्याला समुद्र कसा मारतो हे ठाऊक असतं. आज ही कंपनी जगातल्या मोठ्या बोटबांधणी उद्योगांपैकी एक आहे. जानो ही त्याच जिल्ह्यातली प्रतिस्पर्धी कंपनी तिने 1995 मध्ये विकत घेतली.

बंदर अरुंद, म्हणून बोट रुंद

भूमध्य समुद्रातली बंदरं जुनी आणि दाटीची. तिथे बोट धक्क्याला आडवी लावायला जागाच नसते, म्हणून पाठ धक्क्याकडे करून एकाला एक चिकटून उभ्या करतात. चढणं-उतरणं मागून. त्यामुळे युरोपच्या कारागिरांनी बोटीचा मागचा भाग मोकळा आणि रुंद केला. तिथे उघडणारी फळी बसवली, दोन बाजूंना दोन सुकाणूचाकं ठेवून मधून वाट काढली. भाग रुंद झाला तसं खाली दोन स्वतंत्र खोल्यांना जागा मिळाली.

अमेरिकेत अशी दाटी फारशी नाही, तिथे बोट बहुधा आडवीच लागते. पण मागची उघडी फळी अमेरिकी कुटुंबांना भलतीच आवडली. पोरं तिथून थेट पाण्यात उड्या मारतात. 40 फुटांच्या बोटीत तीन खोल्या म्हटल्यावर आजी-आजोबांनाही सोबत नेता येतं. अडचणीतून निघालेली सोय परदेशात विक्रीचं कारण बनली.

दुसरं कारण भाड्याच्या बोटींचं. कॅरिबियन बेटांवर द मूरिंग्ज ही कंपनी 1969 पासून पर्यटकांना बोटी भाड्याने देते. अशा कंपन्या एका वेळी कितीतरी बोटी घेतात. फ्रान्सचे मोठे कारखाने त्या पुरवू शकले आणि एवढ्या मोठ्या मागणीमुळे एकेका बोटीचा खर्चही खाली आला. हिवाळ्यात आठवडाभर तिथे गेलेला अमेरिकी माणूस ज्या बोटीवर राहतो, तीच पुढे विकत घेतो. एक योजना अशीही असते की बोट तुमच्या नावावर, पण साधारण पाच वर्षं ती कंपनी भाड्याने फिरवणार आणि मग तुमच्या ताब्यात देणार. हप्त्याला हातभार लागतो, मात्र बोट हातात येते ती शेकडो लोकांनी वापरून झालेली.

कागदावरचा भरवसा

युरोपात 1998 पासून हौसेच्या प्रत्येक नव्या बोटीवर सीई शिक्का सक्तीचा आहे. बोट कुठल्या पाण्यासाठी बांधली, हे त्यात अक्षराने सांगितलेलं असतं. ‘डी’ म्हणजे शांत तळं-नदी, ‘सी’ किनाऱ्यालगत, ‘बी’ किनाऱ्यापासून दूर आणि 4 मीटरपर्यंतच्या लाटा, ‘ए’ म्हणजे त्याहूनही खवळलेला समुद्र. मोठ्या समुद्री बोटींची तपासणी बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावी लागते. अमेरिकेत तटरक्षक दलाचे नियम आहेत, पण ते पाळल्याचं प्रमाणपत्र बांधणारा स्वतःच देतो.

म्हणून ‘ए’ पाहिला की खरेदीदार निर्धास्त होतो. इथे थोडं सबुरीने घ्यायला हवं. हा शिक्का म्हणजे निदान पातळी. स्वीडनच्या ओरुस्त बेटावर बांधली जाणारी हालबर्ग-रासी आणि भाड्याच्या ताफ्यासाठी झटपट बनवलेली बोट, दोघींवर एकच अक्षर असू शकतं. दोघींचा दणकटपणा मात्र सारखा नसतो आणि किंमतही नसते.

अमेरिकेचा कर, अमेरिकेचेच कामगार घरी

अमेरिकी कारखाने मागे पडले त्यात तिथल्या सरकारचाही वाटा आहे. 1990 मध्ये संसदेने चैनीच्या वस्तूंवर कर बसवला. 1991 पासून 1 लाख डॉलरच्या वरच्या बोटीवर, वरच्या रकमेच्या 10 टक्के. श्रीमंतांकडून चार पैसे काढावेत हा हेतू. श्रीमंतांनी बोट घेणंच थांबवलं. त्यात मंदी. रोजगार गेला तो फायबर लावणाऱ्या, सुतारकाम करणाऱ्या माणसांचा. ऱ्होड आयलंडची नावाजलेली पिअर्सन कंपनी 1991 मध्येच बुडाली. 1993 मध्ये कर मागे घेतला, पण बंद पडलेले कारखाने आणि पांगलेले कारागीर थोडेच परत येतात? कर परदेशी बोटींवरही होता. फरक एवढाच की युरोपच्या कंपन्यांना घरचा बाजार होता, त्या तगल्या.

फायबरच्या बोटीचा आणखी एक ताप म्हणजे ती कुजत नाही. 1960 आणि 70 च्या दशकातल्या अमेरिकी बोटी आजही पाण्यात आहेत, स्वस्तात मिळतात. नवी बोट विकणाऱ्या अमेरिकी कंपनीची पहिली स्पर्धा तिच्याच जुन्या मालाशी.

‘युरोपची’ म्हणजे नक्की कुठली?

ही रेघ वाटते तेवढी सरळ नाही. बेनेतोने 1986 मध्ये अमेरिकेतल्याच साउथ कॅरोलायनात, मॅरियन गावी कारखाना काढला. म्हणजे फ्रेंच नावाच्या कितीतरी बोटी अमेरिकी मजुरांनी बांधल्या. फिनलंडची प्रतिष्ठित स्वान 1966 मध्ये सुरू झाली ती न्यूयॉर्कच्या स्पार्कमन अँड स्टीफन्सच्या आराखड्यावर. ॲक्सोपार ही फिनलंडची मोटरबोट बांधली जाते पोलंडमध्ये.

आपल्याकडचं उदाहरण तर जवळचं आहे. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये मुंबईहून निघून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘म्हादेई’ बोट. तिचा आराखडा नेदरलँड्सचा, पण ती बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर.

घेताना कुठे अडतं

युरोपात चालणारी बोट अमेरिकेत जशीच्या तशी चालत नाही. पूर्व किनाऱ्यालगतच्या जलमार्गावरचे बहुतेक पक्के पूल 65 फूट उंच आहेत. डोलकाठी त्याहून उंच असली की बोट अडली. फ्लोरिडा, बहामा इथे पाणी उथळ, म्हणून खालचा वजनदार भाग कमी खोलीचा मागवावा लागतो. वीज 230 नव्हे, 120 व्होल्टची. किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांच्या आत संडासाचं पाणी तसंच सोडायला बंदी, त्यामुळे साठवण टाकी हवीच. नव्या बोटीत कंपनी हे करून देते. युरोपातून स्वस्तात आणलेल्या जुन्या बोटीत मात्र हाच खर्च डोईजड होतो.

धंदा करणाऱ्याला वेगळीच मेख. परदेशात बांधलेल्या बोटीतून अमेरिकेत पैसे घेऊन पर्यटक फिरवता येत नाहीत. हा कायदा 1886 चा आहे. सूट मिळते, पण बोट किमान 3 वर्षांची हवी, प्रवासी 12 पेक्षा जास्त नकोत आणि त्यासाठी सरकारकडे अर्ज करावा लागतो.

आणि आयातकर. वर्षानुवर्षं शिडाच्या बोटीवर तो 1.5 टक्के होता. 2025 च्या ऑगस्टमध्ये युरोपच्या मालावर अमेरिकेने 15 टक्के लावला. 3 लाख डॉलरच्या बोटीवर आधी 4,500 डॉलर भरावे लागत, या दराने ते 45,000 होतात. ज्याला हा भार झेपत नाही, तो अमेरिकेत आधीच येऊन पडलेली, चार-पाच वर्षं वापरलेली फ्रेंच बोट शोधतो, कारण तिचा आयातकर पहिल्या मालकानेच भरलेला असतो.