लेकरांना शिवनेरीवर नेताना

आमच्या पिंपरी पेंढारात डोंगरावर कुणी ‘फिरायला’ जात नसे. आईच्या लेखी डोंगर म्हणजे सरपण आणि शेळ्या. पुढे धरणांचे पाणी आले, ऊस वाढला, उसात बिबट्या राहू लागला आणि पोरे अंगणाबाहेर पडेनाशी झाली. डोंगराच्या मुलखात राहून डोंगर पुस्तकात पाहायचा, हे आमचे दुर्दैव!

म्हणून लहानग्यांना शिवनेरीवर न्यावे. १६३० साली शिवराय जन्मले त्या गडाला पायऱ्यांची सोपी वाट आहे. वाटेत सात दरवाजे लागतात. ‘अजून किती?’ असे मूल विचारू लागले की त्याला दरवाजे मोजायला लावावे. प्रत्येक दरवाजाशी घोटभर पाणी, मूठभर गूळ-शेंगदाणे. चाल सर्वांत लहान मुलाची असावी. भर पावसात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा जाणे टाळावे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उसाच्या कडेने जाताना मोठ्याने बोलावे, मूल दोन मोठ्यांच्या मध्ये ठेवावे. ते एकटे खाली बसले तर बिबट्याला लहान सावजासारखे दिसते. कड्याला आग्यामोहोळ दिसले तर मात्र गप्प राहावे, धूर करू नये. दिवस मावळण्याआधी घर गाठावे.

गेल्या दिवाळीत धाकट्या भावाला नेले, तेव्हा आईही आली. उतरताना ती म्हणाली, “मोळीबिगर डोंगर उतरतेय, आज पयल्यांदाच!”