दम्याचा पंप: कोणता आणि केव्हा

दमा दमाबरोबरच जातो, असे आपल्याकडे म्हणतात. या बोलण्यात थोडे खरे आहे. दमा बहुधा मुळासकट निघत नाही. पण तो ताब्यात ठेवता येतो. दम्याचा माणूस नांगर धरू शकतो, डोंगर चढू शकतो, रात्री स्वस्थ झोपू शकतो. त्यासाठी कोणते औषध केव्हा घ्यायचे, एवढे नीट कळले पाहिजे. या बाबतीत डॉक्टरांचा जुना सल्ला आता बदलला आहे. तो आम्ही इथे सांगत आहोत.

आधी दमा म्हणजे काय ते पाहू. आपण घेतलेली हवा छातीतल्या बारीक नळ्यांतून आत जाते. दम्याच्या माणसाच्या या नळ्या आतून सुजलेल्या असतात. धूर, धूळ, गार वारा किंवा सर्दी यांचे निमित्त झाले, की त्या आवळतात. त्यांत चिकट कफ साचतो. हवेची वाट अरुंद होते. मग छाती सूं सूं वाजते, खोकला येतो, धाप लागते. रात्री उठून बसावे लागते.

म्हणजे दम्यात दोन गोष्टी असतात. एक, नळ्या आवळणे. दुसरी, नळ्या सुजणे. आवळणे थोडा वेळ टिकते. सूज मात्र बरे वाटत असतानाही आत असू शकते.

पुष्कळांच्या खिशात साल्ब्युटामॉलचा पंप असतो. तो बहुधा निळा असतो. तो ओढला की थोड्याच मिनिटांत मोकळे वाटते. माणूस म्हणतो, हेच खरं औषध! पण हा पंप फक्त आवळलेल्या नळ्या सैल करतो. सूज तशीच राहते.

घराचे छप्पर गळते तेव्हा आपण खाली घमेले ठेवतो. त्याने जमीन भिजत नाही. पण छप्पर दुरुस्त होते का? नाही. त्यासाठी मिरगाच्या आधी शाकारणी करावी लागते. निळा पंप म्हणजे घमेले. सूज उतरवणारे औषध म्हणजे शाकारणी.

पूर्वी डॉक्टर सांगत, दमा थोडा असेल तर धाप लागेल तेव्हा निळा पंप घ्या, तेवढे पुरे. पण थोडा दमा असलेल्यांनाही एकाएकी मोठा झटका येतो आणि काही जण दगावतात, असे दिसून आले. म्हणून २०१९ साली 'जीना' या दम्यावरच्या जागतिक संस्थेने सल्ला बदलला. नुसत्या निळ्या पंपावर कोणाही मोठ्या माणसाने राहू नये, असे तिने सांगितले. त्याच २०१९ साली जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता. त्यांतले सुमारे ४ लाख ५५ हजार लोक मरण पावले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

मग करायचं काय? सूज उतरवणारे औषधही पंपातूनच मिळते. बुडेसोनाइड हे असे एक औषध आहे. ते फॉर्मोटेरॉल या नळ्या सैल करणाऱ्या औषधाबरोबर एकाच पंपात येते. कोणाला ते लागेल तेव्हाच पुरते, कोणाला रोज घ्यावे लागते. हे डॉक्टर ठरवतील. १२ वर्षांखालच्या मुलांचे उपचार थोडे निराळे असतात. रोजचे औषध लागू झाले असेल, तर बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नका. पोटुशी बाईनेही बंद करू नये.

पंपाची सवय लागते, असे लोक म्हणतात. हे खरे नाही. पंपातले औषध थेट छातीत जाते, म्हणून ते फार थोडे लागते. साल्ब्युटामॉलची ४ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे पंपाचे ४० फवारे!

पंप घ्यायची रीतही शिकून घ्या. आधी पंप हलवा. श्वास बाहेर सोडा. पंप ओठांत घट्ट धरा. श्वास हळूहळू आत घेत एकदाच दाबा. मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. सूज उतरवणारे औषध घेतल्यावर चूळ भरून टाका. भुकटीच्या पंपाची रीत वेगळी आहे, त्यात श्वास जोराने ओढायचा असतो. डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा.

नुसत्या रंगावर जाऊ नका. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. औषधाचे नाव मराठीत लिहून घ्या. ती चिठ्ठी पंपाला चिकटवा. पंपाची मुदत संपली नाही ना, तेही पाहा. रात्री धापेने जाग येत असेल, किंवा वर्षात निळे पंप तीन किंवा जास्त लागत असतील, तर दमा ताब्यात नाही असे समजा. डॉक्टरांकडे जा.

बोलताना वाक्य पुरे होत नाही, ओठ निळे पडतात, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, पंपानेही आराम पडत नाही, अशी लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. तोवर माणसाला बसते ठेवा. जवळ निळा पंप असला तर तोच देत राहा. अशा वेळी काय करायचे, ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे आणि घरात सर्वांना वाचून दाखवावे.

विडी सोडा. चुलीचा धूर बाहेर जाईल अशी सोय करा. मळणीच्या वेळी नाकातोंडाला फडके बांधा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, कारण तो क्षयही असू शकतो.

धाप थांबली म्हणजे दमा गेला असे नव्हे. बरे वाटते त्या दिवसांतच सुजेच्या औषधाविषयी डॉक्टरांना विचारा.