ग्रँट डफ 'लेट' होता, पण हयात होता

जेम्स ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली लंडनमध्ये तीन खंडांत निघाला. त्याच्या शीर्षकपृष्ठावर लेखकाची ओळख साताऱ्याचा 'लेट पोलिटिकल रेसिडेंट' अशी छापली आहे. माणसाच्या संदर्भात 'लेट' म्हणजे कैलासवासी, एवढंच ज्याला ठाऊक तो इथे अडखळणार. मेल्यावर तीन खंड लिहिले की काय? डफ वारला १८५८ मध्ये, म्हणजे पुस्तकानंतर ३२ वर्षांनी. त्या पानावरच्या 'लेट'चा अर्थ नुकतंच पद सोडलेला, माजी, इतकाच. कंपनी सरकारच्या काळातल्या पुस्तकांत निवृत्त साहेबांच्या नावाला हा शब्द चिकटलेला दिसतो, आणि आजचा वाचक त्यांना हकनाक मारून मोकळा होतो.

असे घोटाळे होतात, कारण 'लेट' म्हणजे उशीर हे समीकरण शाळेतच डोक्यात पक्कं बसतं आणि बाकीच्या अर्थांची नीट ओळख होत नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता मंद, संथ. संथ चालणारा मागे राहतो, शेवटी पोचतो. म्हणून शेवटाकडचा, मग अलीकडचा, मग अलीकडेपर्यंत असलेला आणि अखेर दिवंगत, अशा फांद्या त्याला फुटत गेल्या. घड्याळाला चुकवणं ही त्यातली एकच फांदी.

टिळक-आगरकरांचा 'केसरी' १८८१ साली सुरू झाला. इंग्रजीत हा काळ 'लेट नाइन्टीन्थ सेंच्युरी' ठरतो, म्हणजे शतकाची शेवटची दशकं. त्यात कोणाला कसलाही उशीर झालेला नाही. 'लेटली'चंही तसंच. शेपूट लावलं की 'उशिरा' होईल, असं वाटतं खरं. पण 'लेटली' म्हणजे हल्ली, अलीकडे. तो उशिरा आला हे सांगायला नुसतं 'ही केम लेट' पुरतं.

दिवंगत या अर्थाचा 'लेट' आपण 'कै.'सारखा वापरतो, तिथेही घसरतो. इंग्रजीत त्याआधी बहुधा 'द' किंवा 'माय'सारखा शब्द लागतो. शिवाय ज्यांची आठवण असणारी माणसं अजून आहेत, अशांनाच तो शोभतो. किती वर्षांपर्यंत, याचा पक्का नियम नाही. पण शिवाजी महाराजांना किंवा शेक्सपिअरला 'लेट' लावलं की वाक्य हास्यास्पद होतं. आणि घटस्फोट झालेल्या नवऱ्याचा उल्लेख 'माय लेट हजबंड' असा केला, तर ऐकणारा सांत्वन करू लागेल. तिथे 'एक्स' हवा. ग्रँट डफच्या पानावरचा 'माजी' हा अर्थ आजच्या बोलण्यात जवळपास उरलेला नाही.

'आय गॉट लेट' हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं, कारण मनात 'मला उशीर झाला' असतं. इंग्लंड-अमेरिकेत 'आय वॉज लेट' म्हणतात. अजून वाटेत असाल तर 'आय ॲम रनिंग लेट'. 'इट्स गेटिंग लेट' मात्र चालतं, पण ते रात्र झाली, आता निघू या, अशा अर्थानं. माझ्या मते 'गॉट लेट'वर फार नाक मुरडू नये. भारतातल्या भारतात सगळ्यांना ते कळतं. परदेशी कंपनीला पत्र लिहिताना तेवढं टाळावं.

'लेट मार्क' तर आपलाच. कचेरीतल्या हजेरीपटावरच्या या लाल शेऱ्याची धास्ती इथे कारकुनापासून साहेबापर्यंत सगळ्यांना. लंडनच्या माणसाला मात्र तो समजावून सांगावा लागेल.

याच शब्दाचा एक जुना भाऊबंद आपल्या पासपोर्टात बसला आहे. धारकाला विनाअडथळा जाऊ द्यावं, अशी राष्ट्रपतींच्या नावे केलेली विनंती त्यात असते, आणि तिथे अडथळ्यासाठी 'हिन्ड्रन्स'च्या जोडीला 'लेट' हा शब्दही येतो. त्याचं स्पेलिंग वेगळं, उच्चार ऱ्हस्व, आणि मुळातला अर्थ एखाद्याला मंद करणं, म्हणजे खोळंबवणं. परवानगी देणाऱ्या 'लेट'चं स्पेलिंगही हुबेहूब तेच असल्यानं, परवानगीच्या त्या मजकुरात हा शब्द नेमका उलटा अर्थ घेऊन उभा असतो.