दुखणे किती आणि धोका किती

माणसाच्या देहाला होणाऱ्या इजांपैकी सर्वांत असह्य वेदना कोणत्या इजेची, असा प्रश्न कोणी केला, तर आपल्या वाशीच्या पंचक्रोशीत उत्तरासाठी फार लांब जावे लागत नाही. बालाघाटच्या डोंगरातला हा मुलूख. दगडाखाली, सरपणात, गोवऱ्यांच्या ढिगात विंचू असायचाच. ज्याने त्याचा दंश सोसला, तो दुसरे कोणतेही दुखणे त्याच्या पंगतीला बसू देत नाही. काम-क्रोधाच्या दाहाला रूपक हवे होते, तेव्हा एकनाथ महाराजांनी भारुडात विंचूच आणला, तो काही उगाच नव्हे.

परंतु या प्रश्नाला लागूनच दुसरा एक प्रश्न आहे, आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा. जी इजा सर्वांत अधिक दुखते, तीच सर्वांत अधिक घातक असते काय? आपण सारे तसे धरून चालतो. जो ओरडतो त्याच्याकडे धावतो. जो गप्प पडून आहे त्याला ‘झोपू द्या’ म्हणतो. या समजुतीपायी माणसे दगावतात, म्हणून तिचा विचार करणे अवश्य आहे.

वेदना म्हणजे काय, ते आधी पाहू. त्वचेतील मज्जातंतूंची टोके इजेची वर्दी देतात. ती मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे जाते, आणि तेथे पोचली म्हणजे आपल्याला ‘दुखते’. मात्र वाटेत ही वर्दी वाढतेही आणि दबतेही. दुसऱ्या महायुद्धात हेन्‍री बीचर या अमेरिकन डॉक्टरांनी इटलीच्या आघाडीवर जखमी सैनिकांची विचारपूस केली. मोठ्या जखमा असूनही पुष्कळांना वेदनाशामक औषध नको होते. रणांगणातून जीव वाचला, या जाणिवेने वेदना बोथट होत असावी, असे बीचर यांनी १९४६ साली मांडले. पुढे १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी असा सिद्धान्त मांडला, की मज्जारज्जूत या वर्दीला अडवणारे किंवा वाट देणारे जणू एक दारच असते. तात्पर्य, वेदना ही वर्दी आहे. इजेचे माप नव्हे.

आता विंचवाकडे वळू. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण खरा धोका तिच्याहून लहान असलेल्या लाल विंचवाचा. त्याचे विष मज्जातंतूंना शांत होऊ देत नाही. ते सारखे चेतत राहतात. म्हणून कळ थांबत नाही. पण पुष्कळदा नुसती कळच असते, आणि ती कितीही असह्य असली तरी सहसा प्राण घेत नाही. प्राण घेते ते दुसरेच. दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ आणि हातपाय गार पडणे ही त्याची चिन्हे. विषामुळे रक्तात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तदाब चढतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते आणि माणूस गुदमरतो. लहान मुलांना याचे भय विशेष.

हे कोडे उलगडण्यात मोठा वाटा आपल्या मराठवाड्याच्याच एका सुपुत्राचा आहे. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळील बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत होते. त्यांनी एकेका रुग्णापाशी बसून लक्षणे टिपली आणि १९८२ साली आपली निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केली. रक्तदाबावरील प्राझोसिन नावाची साधी गोळी या विषाच्या परिणामाला आवर घालते, हे त्यांनी दाखवून दिले. गंभीर रुग्णांतील मृत्यू त्यामुळे पुष्कळच कमी झाले. विंचवाच्या विषावरील प्रतिविष जोडीला दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हे महाडलाच झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

विंचवाच्या अगदी उलट मण्यार. रात्री भुईवर झोपलेल्या माणसाला ती चावते, आणि दंश इतका हलका की कित्येकांना जागही येत नाही. सूज नाही, आग नाही. काही तासांनी पोटात दुखते, पापण्या जड होतात, घास गिळवत नाही, आणि शेवटी श्वास थांबतो. दुखत नाही, म्हणजे साप बिनविषारी असेल, या एका तर्काने मौल्यवान रात्र वाया जाते. वस्तुतः मण्यारीच्या विषावर प्रतिविष आहे. माणूस वेळेवर पोचला पाहिजे, एवढेच.

भाजण्याचेही तसेच. वरवर भाजले, फोड आले, तर माणूस तळमळतो. खोलवर भाजले तर मज्जातंतूंची टोकेच जळून जातात. कातडी पांढरी किंवा कोळशासारखी होते, आणि त्या जागी वेदना जवळजवळ नसते. आपल्या तालुक्यातील तेरखेड्यासारख्या, फटाक्यांच्या धंद्याने ओळखल्या जाणाऱ्या गावाने तर हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

यावरून व्यवहाराला धरून दोन गोष्टी निघतात. पहिली, धोका ओरडण्यावरून ठरवू नये. घाम, उलट्या, गार हातपाय, मिटू पाहणाऱ्या पापण्या, जड झालेला श्वास, बधिर झालेली भाजलेली जागा, यांवरून ठरवावा. विंचू असो वा साप, जागा कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. मांत्रिकाच्या ओट्यावर वेळ न दवडता रुग्णाला रुग्णालयात न्यावे. भाजल्यावर वाहते थंड पाणी वीस मिनिटे धरावे. शाई, तूप, माती लावू नये.

दुसरी गोष्ट, ज्याच्या जिवाला धोका नाही त्याची वेदना खोटी ठरत नाही. ‘विंचूच चावला ना, उतरेल सकाळी’ असे म्हणून त्याला रात्रभर तळमळत ठेवणे हा काही धीर देण्याचा प्रकार नव्हे. दंशाची जागा बधिर करून ती कळ शमवता येते, आणि तसे करणे हे वैद्याचे कर्तव्यच आहे. ओरडणाऱ्याचे दुःख हलके करावे, पण जाताना गप्प पडलेल्याची नाडी आधी पाहावी.