केळ्यावरचे चिलट आणि २१ मिनिटे

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कोल्हापूरच्या घरी एक कार्यक्रम ठरलेला असतो. पूजेतली केळी काळवंडतात, त्यांवर चिलटे घोंगावू लागतात आणि सौ. पदर खोचून त्यांच्यावर चालून जाते. यंदा शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकणारी भाची फराळाला आली होती. ती ओरडली, "मामी, थांबा! तिथं अंडी असतील. त्यांचा हिशेब लावण्यात शास्त्रज्ञांच्या हयाती गेल्यात."

"हिशेब कसला? घाण आहे नुसती!" सौ. म्हणाली. मी मात्र करंजी हातात घेऊन हिशेब विचारलाच.

चिलटाची मादी पिकल्या फळावर अंडे घालते. त्याची लांबी अवघी अर्धा मिलिमीटर, रव्याचा कणच म्हणा ना. हवा २५ अंश उबदार असली की दिवसभरात त्यातून अळी बाहेर पडते. आता गंमत पाहा. माणसाची पेशी प्रयोगशाळेत वाढवली, तर एकीच्या दोन व्हायला तिला सामान्यतः एक दिवस लागतो. या अंड्यात सुरुवातीची एकेक फेरी आठ-नऊ मिनिटांत उरकते! हे साधते कसे? तर पेशीच्या भिंती बांधण्यात वेळ दवडायचाच नाही. नुसती केंद्रके दुप्पट होत जातात. वाड्यात एकही भिंत न घालता बिऱ्हाडे वाढत जावीत, तसा हा प्रकार. लागणारा सगळा माल आईने अंड्यात आधीच भरून ठेवलेला असतो. गर्भाची स्वतःची जनुके तेव्हा जवळजवळ झोपेतच असतात.

दहाव्या फेरीला बहुतेक केंद्रके अंड्याच्या कडेला येऊन बसतात आणि तिथून चाल मंदावते. दहावी फेरी ९ मिनिटांची, अकरावी साडेनऊ, बारावी साडेबारा, तेरावी २१ मिनिटांची. मग एकदम मुक्काम! तासाभरात सुमारे सहा हजार केंद्रकांभोवती पडदे उभे राहतात आणि खऱ्या पेशी तयार होतात.

पण "आता पुरे" हे अंड्याला सांगतो कोण? आपल्याकडचा गुळव्या आठवा. काहील उतरवायची वेळ तो घड्याळात पाहत नाही. चिमूटभर पाक पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळून पाहतो आणि मग हाक देतो. अंडेही मिनिटे मोजत नाही, भरतीचा अंदाज घेते. आईची शिदोरी तेवढीच, आणि प्रत्येक पंगतीला पाने दुप्पट! वाट्याला येणारा माल घटला की डीएनएची नक्कल उतरवायला वेळ लागू लागतो. नक्कल अपुरी असताना 'ग्रेप्स' नावाचा पहारेकरी विभाजनाला पुढे रेटणाऱ्या प्रथिनांना आवरून धरतो. याचा पडताळाही शास्त्रज्ञांनी घेतला आहे. ज्या गर्भात डीएनए निम्माच असतो, तो थांबण्यापूर्वी एक फेरी जास्त करतो. अर्ध्या भुकेच्या पाहुण्यांची आणखी एक पंगत उठावी, तसेच हे.

पहारेकरी नसला तर? मादीतच हा दोष असला, तर तिच्या अंड्यांत वेग मंदावतच नाही. अर्धवट उतरलेली नक्कल ताणली जाते, गोंधळ माजतो आणि पेशी बनण्याआधीच गर्भ मरतो. वीस मिनिटांचा धीर न धरल्याचा हा परिणाम.

"आणि आईची शिदोरी संपल्यावर?" सौ.ने विचारले. तिचा हात केव्हाच खाली आला होता.

रेटा देणाऱ्या त्या प्रथिनांची नावे 'स्ट्रिंग' आणि 'ट्वाइन', म्हणजे दोरी आणि सुतळी. (चिलटांच्या अभ्यासकांना बारशाची हौस दांडगी!) तेराव्या फेरीनंतर आईकडून आलेला यांचा साठा मोडीत निघतो आणि गर्भाची स्वतःची जनुके जागी होतात. 'स्ट्रिंग'चे काम १९८९ साली अमेरिकेत ब्रूस एडगर आणि पॅट्रिक ओ'फॅरेल यांनी उजेडात आणले. गर्भाचे हे जनुक निकामी असेल, तर पेशी तयार होतात खऱ्या, पण चौदाव्या फेरीत अडकून पडतात. ते धड असेल, तर गर्भाच्या वेगवेगळ्या भागांत ते वेगवेगळ्या वेळी चेतते. आता एकच मोठी पंगत नाही. बिऱ्हाडागणिक चूल वेगळी आणि ती पेटण्याची वेळही वेगळी.

'स्ट्रिंग'चे भाऊबंद माणसाच्या पेशींतही आहेत आणि कर्करोगाच्या कित्येक गाठींत ते बेसुमार वाढलेले आढळतात. म्हणून तर या क्षुद्र किड्याचा एवढा पाठपुरावा. फार लांब कशाला, पुण्याच्या आयसर संस्थेत डॉ. रिचा रिखी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याच बिनभिंतीच्या गर्भाचा अभ्यास केला आहे.

"म्हणजे आपण फराळ करतोय तेवढ्यात तिथं सहा हजार?" सौ.ने घड्याळाकडे पाहिले.

"दोन-सव्वादोन तास धरा, मामी."

सौ. काही बोलली नाही. केळ्यांचे ताट तिने उचलले आणि परसात नेऊन ठेवले. वर झाकण मात्र घातले नाही.